चित्रं फुकट, मॉडेल फुकट, मग पैसे कशाला?

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार. आईलाही नमस्कार सांगा.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "उपग्रहाची चित्रं फुकट, मॉडेलही फुकट, मग तुम्ही पुराच्या संशोधनासाठी पैसे मागताय ते कशाचे?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. निधीचा प्रस्ताव पाठवायची मुदत जवळ आली आहे आणि परीक्षकही नेमकं हेच विचारणार. म्हणून आधी तुम्हाला उत्तर लिहिते. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत, तेव्हा तुम्हाला पटलं तर मला धीर येईल.

फुकट आहे हे खरंच. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये वर गेला, पण २००८ पर्यंत ती चित्रं विकत घ्यावी लागत. मग ती सगळ्यांना खुली झाली आणि जो अभ्यासक पाचदहा चित्रांवर भागवत होता तो हजारो चित्रं एकदम तपासू लागला. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं तर पहिल्यापासूनच खुली आहेत. सेंटिनेल-२ च्या चित्रात १० मीटरचा चौकोन वेगळा दिसतो आणि जोडीने फिरणारे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. मॉडेलचंही, म्हणजे अशी चित्रं वाचायला शिकवलेल्या संगणक-प्रणालीचंही, तसंच. नासा आणि आयबीएम यांनी २०२३ मध्ये जे मॉडेल खुलं केलं त्याचं नाव चक्क 'पृथ्वी' आहे. पुढच्याच वर्षी त्याची ६० कोटी प्राचलांची (शिकताना मॉडेल आतल्या आत जुळवतं त्या आकड्यांची) मोठी आवृत्ती आली. इथले सहकारी 'पृथ्वी' हा शब्द अडखळत उच्चारतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

त्याला शिकवतात कसं, तर चित्राचे बारीक तुकडे करायचे, त्यातले बहुतेक झाकायचे आणि झाकलेल्या जागी काय असेल ते ओळखायला लावायचं. लाखो चित्रांवर हे केलं की जमीन ऋतूबरोबर कशी पालटते, पाणी कुठे साचतं, याची जाण त्याला येते. मग पूर, पीक, वणवा असं कुठलंही नवं काम शिकवायला थोडी उदाहरणं पुरतात. ही थोडी उदाहरणं आणायची कुणी, इथून खर्च सुरू होतो.

पूर ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक खुला संच आहे, सेन१फ्लड्स११ नावाचा. ११ पुरांमधले ४,८३१ चित्रतुकडे. त्यातले माणसांनी स्वतः बघून आखलेले फक्त ४४६, बाकीच्यांवरच्या खुणा यंत्राने केलेल्या. माणसाची नजर किती महाग आहे हे या दोन आकड्यांतच कळतं.

आणि नजर असूनही चूक होते. मागच्या प्रकल्पात आमच्याकडे कुठल्या जागी कोणतं पीक आहे याच्या नोंदी आल्या होत्या. मॉडेल काही केल्या शिकेना. आम्ही दोन आठवडे गणितात दोष शोधत बसलो. शेवटी मी एकेक नोंद मोठ्या चित्रावर टाकून पाहिली, तर निम्म्याहून जास्त ठिपके शेतात नव्हतेच, रस्त्याच्या कडेला होते. नोंद घेणाऱ्याने गाडीतून उतरून, शेताकडे बघत, उभ्या जागी फोनमध्ये बटण दाबलं होतं. फोनची जागा उघड्या आकाशाखालीसुद्धा पाचएक मीटर इकडेतिकडे होते आणि आमचा चौकोन १० मीटरचा. म्हणजे मॉडेलला आम्ही डांबराला पीक म्हणायला शिकवत होतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. दिवसाला शंभर नोंदी करायच्या असा त्याचा करार होता, चिखलात वीस पावलं आत जायचे पैसे त्यात कुणी धरलेच नव्हते.

आता या खेपेची गोष्ट. आमचं साधन पुराच्या वेळी रस्ते बंद करायचे की नाही, हे ठरवणाऱ्या लोकांसाठी आहे. पुरात आकाश ढगांनी भरलेलं असतं, साधं चित्र आंधळं होतं, म्हणून ढगांतून आरपार जाणारा किरण सोडणारं रडार वापरतात. सपाट पाणी रडारचा किरण दुसरीकडे परावर्तित करतं, त्यामुळे चित्रात काळं दिसतं. पण गुळगुळीत डांबरही काळं दिसतं. उलट झाडांखाली किंवा घरांमध्ये पाणी शिरलं की किरण पाण्यावरून खोडावर नाहीतर भिंतीवर आपटून माघारी येतो आणि ती जागा उजळ दिसते. जिथे माणसं राहतात तिथेच फसगत जास्त.

मी आमचा नकाशा घेऊन नियंत्रण कक्षात एका अधिकारी बाईंकडे गेले होते. त्यांनी एका रस्त्यावर बोट ठेवलं. तिथे आमच्या नकाशात ०.६३ लिहिलं होतं, म्हणजे पाणी असण्याची शक्यता ६३ टक्के. त्या म्हणाल्या, "छान. मग बंद करू की नको?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच वर्षं या कामात घालवून मी त्या खोलीत गप्प उभी होते.

नंतर आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. रस्ता उगाच बंद ठेवल्याचं नुकसान एक धरलं आणि पाणी असताना तो चालू राहिल्याचं नुकसान वीस धरलं, तर शक्यता एकविसात एक, म्हणजे साधारण ५ टक्क्यांच्या वर गेली की बंद करणं बरं. पण हाताशी बचावाचं एकच पथक असेल आणि ते कुठे पाठवायचं हे ठरवायचं असेल, तर ५ टक्क्यांवर धाव घेऊन चालणार नाही, कारण ते इथे आलं की दुसरीकडे कुणीच उरत नाही. नकाशा एकच, पण दोन निर्णयांना दोन वेगळ्या रेषा लागतात. त्या रेषा त्या बाईंच्या अनुभवात आहेत, उपग्रहात नाहीत. शिवाय मॉडेल ०.६३ म्हणतं तेव्हा शंभरातल्या खरोखर त्रेसष्ट वेळा पाणी असतं का, हेही ताडून बघावं लागतं, आणि तेही ज्या खोऱ्यातली चित्रं त्याने कधी पाहिली नाहीत अशा खोऱ्यात. शिकवलेल्या चित्राच्या शेजारच्याच चौकोनावर परीक्षा घेतली तर गुण भरभरून मिळतात. त्यांचा उपयोग शून्य.

बाबा, मी पैसे मागतेय ते यासाठी. वीस पावलं आत जाणाऱ्या माणसांच्या मजुरीसाठी. त्या बाईंसारख्या लोकांबरोबर दोन पावसाळे बसता यावं म्हणून. आणि निधी संपल्यावरही साधन चालू राहावं म्हणून. या तिसऱ्याबद्दल मी फार आग्रही आहे. दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी फ्यूज नेट ही यंत्रणा १९८५ पासून अमेरिकेच्या पैशावर चालत होती. जानेवारी २०२५ मध्ये तो निधी गोठवला आणि तिचं संकेतस्थळ बंद पडलं. पुढे काही महिन्यांनी ती परत सुरू झाली, पण मधल्या काळात तिच्यावर विसंबणाऱ्यांनी काय करायचं? उपग्रहाचाही भरवसा नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१बी या रडार उपग्रहातला वीजपुरवठा बिघडला तो कायमचा, आणि बदली उपग्रह वर जायला डिसेंबर २०२४ उजाडला. अशा एका रडार उपग्रहाला त्याच जागी, त्याच मार्गाने परत यायला १२ दिवस लागतात, दोन असले तर ६. पूर कुणासाठी १२ दिवस थांबत नाही. अशा वेळी साधन दुसऱ्या उपग्रहाच्या चित्रांवर वळवायला पगारी माणूस लागतो.

आमच्या गटातच यावर वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, नवं मॉडेल लिहिलंस तर निधी मिळेल, देखभालीला कुणी पैसे देत नाही. त्यांचा अनुभव खोटा नाही. नवेपणाला गुण असतात, टिकण्याला नसतात. तरीही मी मोठं मॉडेल नव्याने शिकवण्याचा खर्च काढून टाकला. 'पृथ्वी' आहे तसं घेऊ, ते पुरेसं चांगलं आहे. वाचलेली रक्कम नोंदी आणि देखभाल या दोन ओळींत टाकली. अर्जात पहिल्याच पानावर लिहिलं आहे की निर्णय कोण घेणार, किती वाजेपर्यंत घेणार आणि चुकला तर कुणाला भोगावं लागणार. अधिकारी बाईंनी पाठिंब्याचं पत्रही दिलं आहे, त्यात त्यांनी ०.६३ ची हकिगत स्वतःच्या शब्दांत लिहिली आहे.

अंदाजपत्रकाचा तक्ता सोबत जोडते. शेवटच्या दोन ओळी नीट बघा. परीक्षक कात्री लावतील ती तिथेच. देखभालीची रक्कम तुम्हाला कमी वाटते की जास्त, आणि ती राखायची तर आणखी कुठली ओळ कापावी, ते गुरुवारच्या आत फोनवर सांगा. शुक्रवारी अर्ज पाठवायचा आहे.

तुमची,
लेक