गाडी अंगणात, टोल मात्र कापला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा पोळ्याच्या दिवशी आम्ही सकाळीच बैल नाल्यावर धुऊन आणले आणि झुलींना ऊन दाखवायला म्हणून त्या पिकअपच्या बोनेटवर पसरल्या. दिवसभर गाडी अंगणातून हलली नाही. सणाच्या दिवशी भाजी घेऊन कोण जाणार? संध्याकाळी तोरणाखाली झडत्या सुरू असताना खिशातला मोबाइल वाजला. घरी येऊन पाहतो तर फास्टॅगमधून टोल कापल्याचा संदेश! नाका आमच्या नागपूरच्या वाटेवरचा आणि वेळ दुपारी 2 वाजून 40 मिनिटे.

रक्कम फार नव्हती. घरचे म्हणाले, जाऊ द्या. पण वांग्याचे कॅरेट भरून रात्री दोनला कळमन्याच्या बाजाराला निघणाऱ्या माणसाला त्या रकमेची किंमत माहीत असते. न केलेल्या प्रवासाचे पैसे मी का द्यावे?

पुढच्या खेपेला नाक्यावर विचारले, तर उत्तर आले, "बँकेत जा." तालुक्याच्या शाखेत गेलो, तर "नाक्यावर विचारा." यात दोन दिवस आणि डिझेल गेले. शेवटी मुलाने टॅग ज्या बँकेचा आहे तिच्या फास्टॅग मदत क्रमांकावर फोन लावला आणि तिथे रस्ता सापडला. हे आधी कळले असते तर एकही चक्कर पडली नसती, म्हणून इतरांसाठी लिहितो.

पैसे चुकून कापले गेले तर तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडे करायची. संदेशातला व्यवहार क्रमांक, नाक्याचे नाव, तारीख, वेळ हे सांगायचे आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मग आपली बँक नाक्याच्या बँकेकडे दाद मागते आणि त्या वेळी ती गाडी लेनमध्ये होती याचा पुरावा नाक्याला द्यावा लागतो. माझ्याकडे नातवाचा फोटो होता. तो बैलाच्या शिंगाला बेगड लावतोय, मागे झुली टाकलेली पिकअप उभी आहे आणि तिचा नंबर स्वच्छ दिसतो. मोबाइलमध्ये त्या फोटोची वेळ 2 वाजून 31 मिनिटे आहे. तो आम्ही तक्रारीसोबत पाठवला. एकोणिसाव्या दिवशी पैसे टॅगमध्ये परत जमा झाले.

असे होते कसे, तेही मी विचारून घेतले. टॅग वाचला गेला नाही की नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबर हाताने टाकतो. एक आकडा चुकला की भुर्दंड दुसऱ्याच्या माथी. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2025 च्या सुरुवातीलाच सांगितले होते की अशा प्रत्येक खऱ्या प्रकरणात टोल वसूल करणाऱ्याला एक लाख किंवा त्याहून जास्त दंड होतो आणि तोवर किमान 250 प्रकरणांत तो लावला होता. म्हणजे तक्रार केली तर दखल घेतली जाते. आपण करत नाही, हेच खरे दुखणे आहे.

राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्याबद्दल 1033 वरही तक्रार करता येते, हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला एक पैसाही लागत नाही.

आमच्या शेजाऱ्याचे दुखणे वेगळे. टॅग चालू होता, त्यात पैसेही होते, पण नाक्याचे यंत्र तो वाचेना. त्याच्याकडून दुप्पट रोख घेतली आणि मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाल्यामुळे तो बिचारा देऊन मोकळा झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये टॅग नसलेल्या गाडीने रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट भरायचे असा नियम आला होता, हे खरे आहे. पण टॅग चालू आहे, त्यात पुरेशी रक्कम आहे आणि दोष यंत्राचा आहे, तर गाडी फुकट सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा नियम मे 2018 पासून आहे. अशा वेळी तिथेच मोबाइलवर शिल्लक उघडून दाखवावी, तिचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तरीही पैसे घेतलेच तर पावती मागावी. पावतीशिवाय पुढे काही सिद्ध करता येत नाही.

माझी मागणी एकच आहे. नाक्यावर दरांचा फलक केवढा मोठा असतो! तेवढ्याच मोठ्या मराठी अक्षरांत, लेनमध्ये शिरण्याआधी वाचता येईल अशा जागी, चुकीच्या वसुलीची तक्रार कुठे करायची आणि यंत्र बंद असेल तर काय नियम आहे, हे लिहून लावावे. पैसे कापल्याचा संदेशही मराठीत यावा. आमच्या गावात निम्म्या चालकांना तो इंग्रजी संदेश वाचताच येत नाही. पैसे कापले गेले हेच त्यांना कळत नाही, मग तक्रार ते कशाची करणार?

आपला नम्र,
एक भाजी उत्पादक शेतकरी,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ