'ताबा सुटला', पण कोणाचा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शहर पानावर एक छोटी चौकट अधूनमधून असतेच: 'दुचाकीवरील ताबा सुटल्याने तरुणाचा मृत्यू'. वय, वस्ती, पोलीस ठाणं आणि शेवटी 'पुढील तपास सुरू'. त्या पुढच्या तपासाचं काय झालं, हे मी तरी कधी वाचलेलं नाही. मीही पान उलटून राशिभविष्याकडे जात असे. गेल्या महिन्यात ती चौकट आमच्याच घरात आली. नशीब एवढंच, की 'मृत्यू'च्या जागी 'गंभीर जखमी' होतं.

रात्र अवकाळी पावसाची. भाचा म्हणाला, "मामा, चाबी द्या ना, अर्ध्या घंट्यात वापस येतो." दिली. वाटेत केबलसाठी खोदलेली नाली होती. ती मुरूम टाकून बुजवली होती आणि मुरूम पावसात वाहून गेला होता. खांबावरचा दिवा बंद. पुढचं चाक नालीत गेलं आणि मांडीचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून आज बोलतो तरी आहे. पोट्टा जोरात गेला नसेल, असं मी छातीठोक सांगणार नाही. त्या वयात गाडी चालवत नाहीत, उडवतात. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाली गिट्टीनं बुजवलेली होती आणि पंचनामा झाला तो त्यानंतर. त्यात रस्ता 'सरळ व सुस्थितीत'. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा, भाच्यावरच. (रस्त्याचं आणि ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांनाच धरून बसलं तर बाकीचे सुटतील.)

मग विम्याचा कागद काढला. इतकी वर्षं हप्ता भरला, पण तो कधी वाचला नव्हता. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचं, तेही तो स्वतः चालवत असताना, लायसन्स असताना, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. गाडी उसनी मागून नेणाऱ्याला त्यातलं काही नाही. 'थर्ड पार्टी' विमा तिसऱ्यासाठी असतो आणि मागून नेणारा कायद्यानं तिसरा ठरत नाही. निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया ही विमा कंपनी, या २००९ च्या खटल्यात उसनी मागून आणलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून चालवणारा गेला होता. तो मालकाच्याच जागी उभा आहे, म्हणून चूक सिद्ध न करता मिळणारी भरपाई त्याच्या वारसांना त्या गाडीच्या विम्यातून मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. समोर दुसरी गाडी असती तर तिच्यावर दावा टाकता आला असता. एकटाच पडला, तर दावा टाकायचा कोणावर?

मागे बसणाऱ्याची गत वेगळी, पण बरी नाही. नवरा-बायको गाडीवरून पडले आणि बायको गेली, तर नवरा त्याच न्याय संहितेच्या कलम १०६ चा, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा, आरोपी होऊ शकतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आणि विमा नुसता कायद्यापुरता, म्हणजे फक्त थर्ड पार्टी, काढलेला असेल, तर मागे बसलेलीही त्यात येत नाही. शेजारीपाजारी विचारलं, तर ही गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती.

रस्तेवाल्यांसाठी कायदाच नाही असं मात्र नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरल्या दर्जाची न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. त्या मानानं ऑक्टोबर २०२५ मधला मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जास्त कामाचा आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत ही भरपाई आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीनं ठरवायची आणि रक्कम नंतर जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची.

पण त्या समितीपुढे कागद कोणता ठेवायचा? पंचनाम्यात खड्डाच नाही, 'ताबा सुटला' एवढंच आहे. अपघात कोणाच्या चुकीनं झाला याचा निकाल त्या दोन शब्दांतच लागून जातो, तोही रस्त्याकडे कोणी वळून बघण्याआधी.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपल्या वार्ताहरांनी त्या चौकटीत आणखी दोन ओळी वाढवाव्यात: दिवा चालू होता का, आणि रस्ता कोणाच्या ताब्यात होता. नागपुरात महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण असे रस्त्यांचे मालक अनेक. नव्या सिमेंट रस्त्याची कडा जुन्या डांबरी रस्त्याहून वीतभर उंच राहिली, तर विचारायचं कोणाला, हे गाडीवरून जाणाऱ्यानं कसं ओळखायचं?

भाच्याचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. गिट्टी टाकलेल्या त्या जागी परवा पुन्हा खड्डा पडला. या खेपेला फोटो काढून ठेवला आहे, तारखेसकट.

आपला,
एक निवृत्त कारकून, नागपूर