पोलीस स्मृतिदिनाच्या चित्रीकरणात साथ देणाऱ्या उस्तादांना, म्हणजे पोलिसांच्या कवायत प्रशिक्षकांना

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

सकाळी मानवंदना आणि दुपारच्या आत नव्वद सेकंदांचा व्हिडिओ, तोही मोबाईलसाठी उभ्या फ्रेममध्ये. २१ ऑक्टोबरचं हे काम तुमच्यामुळे नीट पार पडलं. ते सगळ्यांसमोर सांगावं म्हणून हे जाहीर पत्र.

आदल्या दिवशी रंगीत तालमीला तुम्ही मला मुख्यालयाचं मैदान फिरवून दाखवलंत. तुकड्या कुठून येणार, बिगुलवाला कुठे, फैरी झाडणारे जवान कुठे. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला की जिथे असाल तिथेच थांबायचं, हेही बजावलंत. त्या हुकमावर रायफलची नळी उलटी होऊन बुटावर टेकते, हात दस्त्यावर येतात, माना झुकतात. समोरून नुसती रांग दिसेल, बाजूने आणि खाली बसून घ्या, असं तुम्ही सुचवलंत. व्हिडिओतलं सर्वांत चांगलं दृश्य तेच आहे. फैरींआधी माइकची पातळी उतरवायची आठवणही तुमचीच, नाहीतर आवाज फाटलाच असता.

१९५९ साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान शहीद झाले. निवेदनात हे दोन वाक्यांत बसतं. पण वर्षभरात देशभर कर्तव्य बजावताना गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात, ती नव्वद सेकंदांत कशी बसवायची? तुम्ही म्हणालात, “थोडी घ्या, पण घ्याल ती पूर्ण घ्या. हुद्दा, नाव, दल.” मी ते संकलकाला जसंच्या तसं कळवलं. मग पाहुण्यांचं आगमन गेलं, भाषण गेलं, नावं राहिली. त्यांच्याखाली संगीत नाही. अशा प्रसंगांवर व्हायोलिन लावायची सवय आमच्या क्षेत्राला लागली आहे, मला ती मनापासून खटकते. मैदानात बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही शोकधून वाजत असताना वरून आणखी काय लावायचं?

सगळ्यांत जास्त ऋण आहे ते मांडवात बसलेल्या शहिदांच्या कुटुंबांच्या बाबतीत. कॅमेरा तिकडे वळण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन प्रत्येकाला विचारून आलात. एका आईंना नको होतं, म्हणून ती बाजू आम्ही फ्रेमबाहेर ठेवली. एका ताईंनी मात्र पुष्पचक्र वाहताना जरूर घ्या म्हणून निरोप दिला. हे विचारणं माझ्याकडून इतक्या मायेने झालं नसतं. त्या घरांना तुम्ही वर्षानुवर्षं ओळखता, मी तिथे एका सकाळपुरती आले होते.

संपूर्ण नामवाचनाचं, कुठेही न कापलेलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घालून मुख्यालयाच्या पोलीस कल्याण शाखेत दिलं आहे. कुणाच्या घरी हवं असेल तर कृपया तुम्हीच पोहोचवा.

आपली कृतज्ञ,
व्हिडिओवाली ताई