बाळ्यास पत्र

वडूज,
८ जून २०२५

प्रिय बाळ्या,

३१ मेला मी निवृत्त झालो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरीस घरी पाठवतात, आणि आपल्या तालुक्यात त्या दिवशी शाळाशाळांतून निरोप समारंभ असतात. सगळे १ जूनवाले. तुझी बँक तुला साठीपर्यंत सोडणार नाही, म्हणजे एकाच गुरुजींनी एकाच बैठकीत वयं लावलेली दोन पोरं, त्यातलं एक घरी बसलं आणि दुसरं अजून ठाण्याहून लोकल पकडतंय. तब्येत बरी आहे, शुगर गोळीवर आहे, हिचे गुडघे आहेत तसेच आहेत. आता मुद्द्याचं लिहितो, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

स्टाफरूमबाहेरचा फळा तुला माहीत आहे. आपल्या वहीवरून त्यावर मी सिनेमाचा दिनविशेष लिहायचो. मे महिन्यात शाळेला सुट्टी, पण समारंभासाठी म्हणून आमच्या शिपाईमामांनी दुसऱ्या दिवसाचा फळा आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. वहीतलं तुझं पान त्यांनी जसंच्या तसं उतरवलं. १९२६, मेरिलिन मन्रोचा जन्म. १९२९, नर्गिसचा जन्म. त्याच वर्षी त्याच दिवशी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना. १९५५, 'द सेव्हन इयर इच'चा न्यूयॉर्कला पहिला खेळ, तोही मन्रोच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाला. मधेच १९४८ची पुणे ते नगर पहिली एसटी, कारण तुझे वडील कंडक्टर आणि तू ती नोंद सिनेमाच्या वहीत घुसवल्याशिवाय पेन खाली ठेवला नव्हतास. आणि सगळ्यांत खाली मामांनी स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती: १९६७, आपले सर.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी त्या ओळीकडे बघत उभा होतो. मन्रोचं नाव खरं नव्हतं, ती नॉर्मा जीन. नर्गिसचंही नव्हतं, ती फातिमा रशीद. नावं पडद्याने दिली, पण तारखा त्यांच्या आयांनी दिलेल्या. तुझं माझं नेमकं उलटं. नावं आयांनी ठेवली आणि तारीख गुरुजींनी. ज्या फळ्यावर मी प्रत्येक तारीख दोनदा ताडून लिहायचो, त्यावर माझ्याच नावापुढे एक न ताडलेली तारीख बसली होती. मामांचं मन मोडवेना म्हणून ती पुसली नाही. पण घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे, बाळ्या. रात्री झोप लागत नाही.

गुरुजींवर माझा काडीचाही राग नाही, हे आधी लिहून टाकतो. बहात्तरचा दुष्काळ. आया खडी फोडायला जाणार आणि पोरं बांधावर उन्हात बसणार, त्यापेक्षा शाळेत सावलीला बसतील, सुकडी खातील, एवढाच त्या माणसाचा हिशेब होता. पहिलीत घ्यायचं तर जूनला वय भरलेलं दाखवावं लागे, म्हणून त्यांनी वाड्यावस्तीवरची सगळी पोरं १ जूनला जन्माला घातली. त्यांच्यामुळेच तू बँकेत बसलास आणि मी वर्गात उभा राहिलो. पण खरी तारीख त्यांनी कुठे टिपून ठेवली नाही.

माझी आई काय सांगायची ते तू माझ्याइतकंच ऐकलंयस. चैत्री पुनवेची जत्रा. देवळामागच्या मोकळ्या रानात तंबू. मधे दोर बांधून एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे. रीळ बदलताना दिवा लागला की बाया पदर सावरून बसायच्या आणि तोवर मशीनवाला भोंग्यावरून उद्याचा खेळ पुकारायचा. आई तंबूत बसली असतानाच तिच्या पोटात कळ आली, ती सिनेमा अर्ध्यावर टाकून उठली आणि तुझी आई तिला धरून घरापर्यंत घेऊन आली. पहाटे मी झालो. म्हणजे दिवस ठरलेला आहे, चैत्री पौर्णिमा. साल तेवढं ठरत नाही. १९६७ची पौर्णिमा २४ एप्रिलला होती आणि १९६८ची १३ एप्रिलला. पहिली खरी असेल तर गुरुजींनी मला महिन्याभराने लहान केलं. दुसरी खरी असेल तर त्यांनी मला दहा महिन्यांहून जास्त मोठं केलं, आणि मी चारच वर्षांचा असताना पहिलीच्या पाटावर बसलो.

तू म्हणशील, कुठला सिनेमा होता ते शोध, साल आपोआप निघेल. तेच तर करतोय. आणि तिथेच सगळं अडलंय.

घरात पहिला टीव्ही आला तेव्हा 'मदर इंडिया' लागला होता. राधा स्वतःच्या खांद्यावर नांगर घेऊन जमीन ओढते, तिथे आई एकदम म्हणाली, "हितंच उठले होते मी." आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. त्या दिवशी तिने तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. राधा पोटच्या पोरावर गोळी झाडते तेव्हा ती उठून आत गेली आणि रात्री जेवली नाही. मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं की मी नर्गिसच्या सिनेमात जन्मलो आणि गुरुजींनी नकळत मला तिचीच तारीख दिली. वर्गात मी पोरांना सांगायचोसुद्धा, की 'मदर इंडिया' २५ ऑक्टोबर १९५७ला लागला तेव्हा नर्गिस अवघी अठ्ठावीस वर्षांची होती, आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त तिच्याहून फक्त पाच दिवसांनी धाकटा, ६ जून १९२९चा. पडद्यावर मायलेक आणि पंचांगात एकाच आठवड्यातले. पोरांना ते फार आवडायचं. मलाही.

पण शेवटच्या वर्षी, आई अंथरुणावर असताना, मी तिला 'संत तुकाराम' लावून दिला. आवली आजारी पोराला एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला देवळात निघते, तिथे आई उशीवरून डोकं उचलून म्हणाली, "हितंच उठले होते मी." तेच शब्द, तोच आवाज. मी विचारलं, आई, अगं तू तर मदर इंडिया म्हणाली होतीस ना? ती म्हणाली, "व्हय, तवा पण." आणि डोळे मिटून घेतले. पुढे पुन्हा विचारायचा प्रसंग आला नाही.

आता बघ, हाही सिनेमा प्रभातचाच, म्हणजे १ जून १९२९चाच. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि पैसा घालणारे सीतारामपंत कुलकर्णी, या पाच जणांनी कोल्हापुरात उभी केलेली कंपनी. चार वर्षांत ती पुण्याला गेली आणि १९३६ साली तिने तुकाराम काढला. मुंबईच्या सेंट्रलला तो वर्षभराहून जास्त चालला, दुसऱ्या वर्षी व्हेनिसला नावाजला गेला आणि पुढे कितीतरी वर्षं जत्रांच्या तंबूंमधून फिरत राहिला. तेव्हा तो तंबूत असणं अगदी शक्य आहे. पण म्हणजे आई कोणत्याही सिनेमातून उठली असली तरी मी १ जूनलाच येऊन पोचतो, आणि साल मात्र हाताला लागत नाही.

आपलं ते जुनं भांडण आठवतंय ना? सिनेमाची तारीख म्हणजे मुंबईला लागला तो दिवस, हे माझं म्हणणं. आणि तुझं म्हणणं, मुंबईचं मुंबईला, आपल्या रानात तंबू पडला तो दिवस लिहायचा. त्यावरून तू वहीची पानं फाडायला निघाला होतास आणि आपण पुढचा अख्खा पावसाळा एकमेकांशी बोललो नव्हतो. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं, कारण तंबू दर वर्षी पडतो आणि पहिला खेळ एकदाच होतो. पण तेव्हा तुझं ऐकून कुणी जत्रेतल्या खेळांच्या तारखा लिहून ठेवल्या असत्या, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं, एवढं तुझ्या पदरात घालतो. फार फुगू नकोस. भूगोलाच्या पुस्तकात मन्रोचं कापलेलं चित्र कुणाचं होतं हे वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. सिनेमाने साल निघत नाही, पण भूकंपाने निघेल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. आई नेहमी म्हणायची, "तुला घिऊन भाईर पळाले." जन्मभर मी ते कडेवर घेऊन असं समजलो. परवा रात्री अडीच वाजता अंथरुणात उठून बसलो. पोटात घेऊन पळालेली बाईसुद्धा हेच म्हणेल की! एप्रिल १९६८चा असेन तर डिसेंबरात मी पाच महिन्यांचा पोटात होतो. एप्रिल १९६७चा असेन तर रांगायला लागलो होतो. कडेवर होतो की पोटात, एवढाच प्रश्न आहे, आणि तो डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता एकच उरलंय. तुझी आई.

काकूंचं वय आणि त्यांचं ऐकू येणं मला माहीत आहे. पण मागच्या दिवाळीत त्यांनी मला आमच्या जुन्या गाईचं नाव सांगितलं, जे मी स्वतः विसरलो होतो. त्यांना विचार. पण तुझ्या पद्धतीने नको. तू थेट सिनेमाचं नाव घेतलंस तर त्या माऊलीला जे ऐकायला येईल त्याला ती हो म्हणेल. आधी नुसतं भूकंपाचं काढ. त्या पहाटे कोण कोण अंगणात होतं, कुणाच्या कडेवर कोण होतं, तू कुठे होतास, हे तिला तिच्या क्रमाने बोलू दे. मग माझ्या आईवर ये. मग जत्रा. सिनेमा सगळ्यांत शेवटी, आणि तोही नाव न सांगता. त्या रात्री बाया कशावरून रडत होत्या, एवढंच विचार. नांगरावरून की चपलेवरून, ते ती स्वतःच बोलेल. कदाचित दोन्ही खरं असेल. जत्रेच्या पहिल्या रात्री एक खेळ, दुसऱ्या रात्री दुसरा, आणि आई कळा सोसत दोन्ही रात्री जाऊन बसली असेल. ती तशीच होती.

आणि मला हे का हवंय म्हणशील तर कागदासाठी नव्हे. सेवापुस्तक बंद झालं, पेन्शन १ जूनवरच निघणार, त्यात मला काही बदलायचं नाही. पण माझी आई वर्षभर राबून एका रात्री जत्रेत सिनेमा बघायला बसली आणि माझ्यामुळे तिला तो अर्ध्यावर सोडावा लागला. तो कोणता होता आणि ती कुठल्या साली, किती वर्षांची असताना तंबूतून उठली, हे मला नीट माहीत असायला हवं. कुठल्या नटीने कुठल्या साली काय केलं हे मी पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि स्वतःच्या आईची एक रात्र मला धड सांगता येत नाही.

तुझ्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचं काय झालं? भाडं वेळेवर देतात का? सोनूचा जर्मनीचा व्हिसा झाल्याचं वहिनींनी हिला सांगितलं, आनंद वाटला, तिला तिकडच्या थंडीचे कपडे इथूनच घेऊ देऊ नकोस, तिकडेच घेऊ दे. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

वही माझ्याकडेच आहे. शाळा १६ तारखेला सुरू होतेय आणि फळा पुढे चालवायला मराठीच्या नव्या बाई तयार आहेत. त्यांना मूळ वही देणार नाही, उतरवून देईन. ते काम सुरू आहे आणि सध्या मी मार्चमध्ये आहे. १ जूनचं पान मात्र काकूंचं उत्तर आल्याशिवाय उतरवणार नाही.

उत्तर फोनवर सांगू नकोस. काकू बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, नीटनेटकं करू नकोस, आणि पोस्टाने पाठव. आणि त्याच बैठकीत तुझंही विचारून घे. कागदावर आपण एकाच दिवशी जन्मलो म्हणून मोठा कोण याचा वाद आजवर मिटला नाही. तू मोठा निघालास तर मी तुला दादा म्हणेन. माझा शब्द आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
पक्या