दोघांनी एकच व्यायाम करू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, रोज सकाळी उठल्या उठल्या दोघं टीव्हीत बघून पायाचे अंगठे पकडतो. दोघं मिळून करता हे ऐकून फार बरं वाटलं, पण तो प्रकार उद्यापासून बंद करा. दोघांची कंबर दुखते, पण दोघांचं दुखणं वेगळं आहे.

बाबा, अजिंक्यतारा उतरताना तुमच्या पोटऱ्या भरून येतात आणि वाटेतल्या दगडावर पुढे वाकून बसलं की मोकळं वाटतं. मणक्यात नसांची जागा अरुंद झाली की असंच होतं, तुमच्या एमआरआयमध्येही तेच आलंय. पुढे वाकलं की ती जागा थोडी उघडते, मागे झुकलं की आवळते. उतारावर तोल सांभाळायला आपण नकळत मागे झुकतो, म्हणून चढापेक्षा उतार छळतो. तेव्हा भुजंगासन आणि कमरेवर हात ठेवून मागे कमान करणं तुम्हाला नको. तूर्त गडाऐवजी शाहू स्टेडियमवर सपाटीला चाला.

आई, तुझं उलट आहे. डेक्सा तपासणीत तुझी हाडं ठिसूळ निघाली. पाठ गोल करून पुढे वाकलं की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या भागावर येतो, आणि ठिसूळ मणका तिथेच दबतो. अंगठे पकडणं, दोन्ही गुडघे छातीशी घेणं, जोरात पीळ देणं, यातलं काहीही तू करायचं नाहीस. बाबा करतात म्हणूनसुद्धा नाही.

वेळही बदला. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या तासाभरात वाकलं की त्यांच्यावर जास्त ताण येतो. चहा घ्या, घरात फिरा, तासाभरानं सुरुवात करा. मऊ गादीवर नको, जमिनीवर वाकळ दुहेरी घाला. खाली बसणं जड जात असेल तर कडक पलंगही चालेल.

पहिला प्रकार दोघांसाठी. उताणे झोपा, गुडघे वाकवून पावलं टेकवा. कमरेखालच्या पोकळीत हाताचा तळवा सरकवा. पोट आत घेत तळवा कमरेनं हलकेच दाबा, 5 सेकंद, 10 वेळा. ढुंगण उचललं जाता कामा नये. आई, तू निम्म्याच जोरानं दाब.

दुसरा फक्त बाबांचा. तसंच झोपून एक गुडघा छातीकडे घ्या. हात गुडघ्यावर नको, मांडीच्या मागे धरा, नाहीतर दुमडलेला गुडघाच दुखायला लागतो. 20 ते 30 सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. डोकं जमिनीलाच राहू द्या. आकडे मोठ्यानं मोजा. तोंडानं मोजताना श्वास कोंडत नाही, आणि बीपीवाल्यानं श्वास कोंडायचाच नसतो.

तिसरा पुन्हा दोघांचा, आणि चुका इथेच जास्त होतात. उताणे झोपून एक गुडघा वाकलेला ठेवा. दुसऱ्या तळपायाला जुना पंचा अडकवून तो पाय सावकाश वर घ्या, गुडघा किंचित वाकलेला असू दे. ताण मांडीच्या मागे, मधोमध यायला हवा. पोटरीत किंवा तळव्यात मुंग्या आल्या, करंट लागल्यासारखं झालं, तर स्नायूऐवजी नस ओढली जातेय. लगेच पाय खाली आणा. पंचा हिसडू नका. 30 सेकंद, दोन-तीनदा. यात पाठ जमिनीला सपाट राहते, म्हणून आईलाही हे चालतं.

आई, तुझा एक वेगळा. ओट्याला धरून उभी राहा, एक पाय मागे घे, पुढचा गुडघा थोडा वाकव. मागच्या पायाच्या जांघेत ताण येईल. कमरेत कमान काढलीस तर तो ताण जातो आणि कंबर दुखते. 30 सेकंद, दोन्हीकडे दोनदा.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत शमत असेल तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी कंबर जास्त आखडली तर निम्मं करा. कळ कमरेतून पायात उतरायला लागली तर तो प्रकार थांबवा. पायातली कळ वर कमरेकडे सरकली, तर ती चांगली खूण.

उठताना सरळ उठू नका. कुशीवर वळा, हातानं रेटा देऊन बसा, मिनिटभर थांबा. बीपीच्या गोळीनं झटकन उभं राहिलं की चक्कर येते.

आता हे नीट वाचा. लघवी अडकली किंवा झालेली कळली नाही, बसायच्या जागेभोवती बधिर झालं, चालताना पाऊल उचलेनासं होऊन चप्पल निसटायला लागली, तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जा. मला फोन नंतर करा. आई, जरा घसरलीस, वजन उचललंस किंवा नुसती शिंकलीस आणि पाठीत अचानक तीव्र कळ आली, तर व्यायाम बंद आणि आधी एक्स-रे. ताप, कारणाशिवाय उतरणारं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं, यालाही डॉक्टरच हवेत.

रविवारी सकाळी नऊला व्हिडिओ कॉल करते. फोन भिंतीला टेकवून तुमच्या बाजूला, जमिनीच्या उंचीवर ठेवा. पंचा धरल्यावर गुडघा आणि कंबर दोन्ही मला दिसायला हवेत.

तुमची,
सुमा