छत्री उघडते, जमिनीचे कोण बघणार?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातली मुले-मुली आता पैसे साठवून कुठेतरी जाऊन विमानातून उडी मारून येतात आणि व्हिडिओ गावभर फिरतो. उद्या कुणी विमान आणि पॅराशूट घेऊन आपल्याच माळावर आला, तर परवानगीचा कागद डीसी ऑफिसातून तहसीलदार, पोलीस ठाणे आणि पंचायतीच्या पीडीओपर्यंत (पंचायत विकास अधिकाऱ्यापर्यंत) फिरेल. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारला जाईल: छत्री उघडली नाही तर? घरात आईही तेच विचारते. आमच्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा जमिनीचा आहे आणि तो कुणी विचारत नाही.

आधी छत्रीचे सांगून टाकतो. खेळाच्या उडीत पाठीवरच्या एकाच पिशवीत दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य नीट उघडले नाही, एखादा दोर छत्रीच्या कापडावरून आडवा गेला किंवा छत्री गरगर फिरू लागली, तर उजव्या बाजूचे हँडल ओढून ते सोडून द्यायचे आणि लगेच डाव्या बाजूचे ओढून राखीव उघडायचे. नवशिक्याने हा निर्णय २,५०० फुटांपर्यंत घेतलाच पाहिजे. माणसाने काहीच केले नाही, शुद्ध हरपली, तर एएडी नावाचे छोटे यंत्र हवेच्या दाबावरून उंची मोजत असते. साधारण ७५० फुटांवरही माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरहून जोरात पडत असेल, तर ते राखीव पॅराशूट बांधून ठेवणारा लूप स्वतःच कापते. १९९१ साली जर्मनीत सायप्रेस हे यंत्र निघाले आणि पुढे अशी यंत्रे सर्रास झाली, तसे न उघडल्यामुळे होणारे मृत्यू खूप घटले. अमेरिकेत २०२३ साली साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि १० जण दगावले. तिथल्या अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षे वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते: पुष्कळ जण पूर्ण उघडलेल्या, धडधाकट छत्रीखाली जातात. शेवटच्या तीनशे फुटांत.

आता आपल्या भागाचे. बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर, हुबळीची २,२०० च्या आसपास, कोल्हापूरच्या उजळाईवाडीची २,००० फुटांवर. गाडीने जाताना हा फरक कळतही नाही. पण हातावरचा उंचीमापक आणि ते एएडी यंत्र, दोन्ही उड्डाणाच्या जागी शून्यावर लावलेले असतात. समजा विमान कोल्हापुरातून उडाले आणि उडी बेळगावजवळच्या माळावर झाली. यंत्राला फरक सांगितला नसेल तर त्याच्या हिशेबाने ७५० फूट शिल्लक असताना खरी जमीन अडीचशे फुटांवर आलेली असते. खुल्या पतनात तेवढे अंतर दीड सेकंदात संपते आणि राखीव छत्री भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. गोव्याच्या किनाऱ्यावर शून्य लावून इकडे उडी मारली तर यंत्राचे ७५० फूट जमिनीच्या खालीच येतात, म्हणजे ते कधी चालणारच नाही. उलट बेळगावला शून्य लावून कोल्हापूरकडे उतरणाऱ्याचे यंत्र साडेबाराशे फुटांवरच जागे होईल आणि उशिरा हँडल ओढणाऱ्याच्या डोक्यावर दोन्ही छत्र्या एकदम उघडतील. हा फरक यंत्रात भरायला एक मिनिट लागते. म्हणून परवानगीच्या अर्जात उड्डाणाची जागा, उतरण्याची जागा आणि दोन्हींची उंची हे तीन रकाने हवेत.

उंचीचा आणखी एक परिणाम आहे. मे महिन्यात ३५ अंश तापमानात आपल्या पठारावरची हवा इतकी विरळ होते की छत्रीला ती साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी लागते. समुद्रकाठी शिकलेला माणूस इथे त्याच छत्रीने साधारण आठ टक्के जास्त वेगाने जमिनीवर येतो. ऐकायला किरकोळ वाटते, पण घोटा मोडायला तेवढे पुरते. विमानातल्या प्राणवायूचेही तसेच. जाहिरातीत '१३,००० फूट' लिहितात ते जमिनीपासून. बेळगावात त्यात अडीच हजार मिळवले की साडेपंधरा हजार होतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे १५,००० च्या वर विमानातल्या प्रत्येकासाठी प्राणवायूची सोय ठेवावी लागते.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या इथल्या मराठा सेंटरमुळे पॅराशूट हा शब्द आपल्याकडे नवा नाही. पॅराशूट रेजिमेंटच्या २ पॅरा आणि २१ पॅरा या बटालियन मूळच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्याच. त्यामुळे गावातले निवृत्त जवान सांगतात, 'उडी मारली, लोळलो, उठलो, चालू लागलो.' त्यांचे लोळणे आजही शंभर नंबरी आहे: पाय जुळवून, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ या क्रमाने धक्का वाटून घ्यायचा. पण त्यांची छत्री गोल होती, ती जवळजवळ सरळ खाली येई. खेळातली चौकोनी छत्री म्हणजे कापडी पंख. ती ताशी ३०-४० किलोमीटरने पुढे जाते, आणि एका बाजूचा दोर जोरात ओढला की वळताना सूर मारते. जमिनीजवळ घाबरून घेतलेले असे एक वळण या खेळातले सगळ्यात महाग वळण असते. पद्धत ठरलेली आहे: १,००० फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, ६०० वर आडवे, ३०० वर वाऱ्याला तोंड करून सरळ, आणि त्यानंतर मोठे वळण नाही. वाऱ्याची दिशा चुकली असे खाली आल्यावर कळले, तर वारा पाठीवर घेऊन सरळ उतरावे, शेवटी दोन्ही दोर सारखे ओढून वेग मारावा आणि लोळावे. कपडे फाटतील, गुडघे खरचटतील; तेवढ्यावर निभावते.

छत्रीचा आकारही इथेच येतो. ७५ किलोचा माणूस आणि १२ किलोचे सामान मिळून ८७ किलो, म्हणजे १९२ पौंड. २१० चौरस फुटांच्या छत्रीखाली हा भार दर चौरस फुटाला ०.९ पौंड पडतो, १५० च्या छत्रीखाली १.३ च्या जवळ जातो. नवशिक्याने एकच्या खाली राहावे. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जुनी लहान छत्री मुळीच स्वस्त नसते.

वाऱ्याबद्दल बेळगावकरांना काय सांगायचे! जून ते सप्टेंबर हा खेळ इथे नाहीच. मार्च ते मे दुपारी माळावर वावटळी उठतात. वावटळीत सापडलेली छत्री शे-दोनशे फुटांवर मिटते आणि पुन्हा उघडायला जागा नसते. धूळ गोल फिरताना दिसली की विमान खालीच राहिले पाहिजे, गिऱ्हाईक कितीही तिष्ठत बसलेले असो. एकट्याने उतरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर वाऱ्याची आहे. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी. नेमका तेव्हाच शिवारात ऊस डोक्याच्या वर उभा असतो.

पाच हजार फुटांवर उघडलेली छत्री साधारण पाच मिनिटे हवेत राहते. ताशी २० किलोमीटर वाऱ्यात ती तेवढ्या वेळात दीड-पावणेदोन किलोमीटर नुसती वाहून जाऊ शकते. म्हणून उतरण्याचे मैदान दाखवून भागत नाही. भोवतालच्या दोन किलोमीटरच्या वर्तुळाचा, स्वतः चालून केलेला नकाशा हवा. त्यात काय काय? कठडा नसलेल्या विहिरी. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी, ज्यांच्या काठावर हात टेकत नाही आणि पोहणाराही वर येऊ शकत नाही. तोडणी झालेल्या फडातले तिरपे कापलेले बुडखे, जे पाय जुळवून न उतरणाऱ्याला भाल्यासारखे लागतात. उभ्या उसात उतरावेच लागले तर पाय जुळलेले, हात अंगाशी आणि तोंड झाकलेले हवे. मग जागचे न हलता शिट्टी वाजवावी, कारण फडात पडलेला माणूस दहा पावलांवरूनही दिसत नाही.

आणि तारा. वरून तारा दिसतच नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असे धरूनच वळावे. कुणी तारांत लटकला तर खालच्यांनी त्याला काठीने, दोरीने, कशानेही ओढू नये. १९१२ वर हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, कळवावे आणि वीज बंद केल्याचे त्यांच्या माणसाने येऊन सांगेपर्यंत लांब थांबावे. 'आत्ता लाईट नाही' यावर विसंबू नका. पंपाची थ्री फेज पाळीने येते, कधी येईल ते शेतकऱ्यालाही सांगता येत नाही.

आता जोडीची उडी. बहुतेक गिऱ्हाईक हेच, प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधलेले. त्याने तीन गोष्टी बघाव्यात. राखीव छत्रीसोबत एक कार्ड असते. त्यावर ती शेवटची कधी घडी केली ती तारीख आणि करणाऱ्याची सही असते. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. खानापूरकडच्या पावसाळ्यात ओलसर खोलीत पडून राहिलेल्या सामानाला आम्ही तेवढीही देणार नाही. दुसरे, पट्ट्याची चार टोके: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, चारही आपल्या हाताने ओढून बघावीत. तिसरे, उतरताना पाय पुढे उचलून धरायची तालीम विमानात चढण्याआधी झाली का? पोट सुटलेल्या किंवा वयस्कर माणसाला हे जमत नाही, आणि त्याचे पाय आधी जमिनीत रुततात. सहीचा कागद इंग्रजीत, सूचना हिंदीत आणि समोरचा माणूस मराठी वा कन्नड बोलणारा, असे होऊ नये. 'पाय वर' हे ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत सांगावे.

एक खास आपल्याकडचे. शनिवारी तारकर्लीला किंवा नेत्राणीला स्कूबा आणि रविवारी उडी, असा बेत मुले आखतात. पाण्याखालून आल्यावर रक्तात नायट्रोजन उरतो आणि उंचीवर त्याचे बुडबुडे होतात. बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात चढू नये. २४ ठेवले तर उत्तम. नऊवारीतल्या उडीबद्दलही विचारतात. पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ साली थायलंडमध्ये ती मारली, पण त्यांच्यामागे शेकडो उड्या होत्या. फडफडणाऱ्या पदराखाली हँडल लपते. पहिल्या उडीत हा हट्ट नको.

या लोकांचे रोजचे जगणे बाहेरून दिसते तसे बेफाम नसते. दिवसाचा मोठा भाग ताडपत्रीवर बसून छत्री घडी करण्यात जातो. विमानात चढण्याआधी आणि दार उघडण्याआधी प्रत्येक जण दुसऱ्याची पिन, पट्टे आणि हँडले बघतो. पाचशे उड्या मारलेल्याचीही पंचवीसवाला बघतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ज्याची कुठलीही गोष्ट पहिल्यांदा घडली त्याने सगळ्यांना बिअर पाजायची असा जगभरचा रिवाज आहे, मात्र शेवटचे विमान उतरल्याशिवाय बाटली उघडत नाही. बेळगावात कुंदा चालेल. तो सकाळीही चालेल.

कायद्याचे थोडक्यात. आणीबाणी वगळता विमानातून पॅराशूटने उतरायला सरकारची परवानगी लागते, हे देशाच्या विमान नियमांत आहे. सांबऱ्याला प्रवासी विमानतळ आहे आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्रही, म्हणजे आकाश मोकळे नाही. वैमानिकांना आगाऊ सूचना गेलीच पाहिजे. हे दिल्ली आणि सांबरा बघतील. जमिनीवरचा दोन किलोमीटरचा नकाशा मात्र दिल्लीत बसून कुणी काढणार नाही. तो मागायचा अधिकार जिल्हा प्रशासनाने वापरावा, आणि नकाशावर पीडीओ, लाईनमन आणि तलाठी या तिघांच्या सह्या घ्याव्यात.

राहिला शेतकरी. त्याच्या फडात न विचारता दहा माणसे शोधायला घुसली तर तो काठी घेऊन येणारच. आयोजकाने आदल्या दिवशी आसपासच्या वाड्यांवर मराठी आणि कन्नडमध्ये दवंडी द्यावी, नुकसानीचा दर आधीच ठरवावा आणि पैसे त्याच संध्याकाळी बांधावर द्यावेत. शेतकरी बंधूंना एक विनंती: छत्री पिकात पडली तर तिचे दोर कोयत्याने तोडू नका, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बॅटरीशेजारी टाकू नका. बॅटरीच्या आम्लाने नायलॉन जळते, डाग पडतो न पडतो, आणि पुढच्या उडीत ते तिथूनच फाटते. कापडाचा गोळा करून सावलीत ठेवा आणि आयोजकाच्या फलकावरच्या नंबरवर फोन करा.

आपले,
पॅराशूट उड्यांशी संबंधित काही वाचक,
बेळगाव