चि. आशूस

कोलाड,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. आशू हिस अनेक आशीर्वाद.

आई सकाळपासून म्हणतेय, फोन करा. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. तू जेवली नाहीस, घावणे तसेच ओट्यावर राहिले. तू गंगेत होडी घालायला निघालीस, आणि माझ्या कंडक्टरच्या एका शिट्टीवरून एवढं व्हायला नको होतं.

शिट्टीचं तुझं बरोबर होतं. तू गेल्यावर मी ती बादलीत बुडवून वाजवली. नुसती फुस्स. आतला दाणा भिजला की बसतोच. ३१ वर्षं त्या शिट्टीवर गाड्या मागे घेतल्या, कधी अडली नाही. पण डेपोतलं रिव्हर्स आणि गंगा एक नाही, कबूल. तुझी ती बिनदाण्याची नारिंगी शिट्टी जॅकेटला अडकवलेली आहे ना? आहे म्हणालीस. ठीक.

आता स्कर्टचा लूप, म्हणजे कंबरेला घालून होडीच्या तोंडावर ताणता ते झाकण ओढून सोडवायची पट्टी. यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. पण श्रावणात तू पुलाच्या खालच्या रॅपिडला, त्या खळाळात, उलटलीस, तेव्हा मी वर उभा होतो. पिवळी होडी पालथी आणि तू खाली. मी मोजायला लागलो. एकदा वल्हं वर आलं, पण रोल, म्हणजे आत बसूनच होडी सुलटी करणं, जमला नाही. दुसऱ्यांदाही नाही. अकराला तुझं डोकं दिसलं. घरी येऊन चहा पिता पिता हसत सांगितलंस की लूप आतच राहिला होता, कडेला चिमटा घेऊन स्कर्ट सोडवला. तुझी आई हसली. मी उठून गोठ्यात गेलो, ते गाईला पाणी पाजायला नव्हे.

तेव्हा होडीत बसल्यावर लूप बाहेर आहे की नाही, हाताला लागतो की नाही, हे डोळ्यांनी नाही, हातानं बघायचं. प्रत्येक वेळी. दुपारच्या जेवणानंतर परत बसाल तेव्हाही, कारण चुका जेवणानंतरच होतात. गाडीतही तसंच. सोबत्यांनी एकमेकांचं तपासावं, थ्रो बॅग, ती फेकायच्या दोराची पिशवी, घेऊन एक जण आधी खाली उतरून उभा राहावा, आणि पुढे गेलेल्यानं खूण केल्याशिवाय... बघ, सुरू झालो. हे सगळं तू इथल्या पोरांना शिकवतेस आणि मी तुलाच ऐकवतोय. रागावू नकोस.

खरं तर वेगळंच लिहायचं होतं. काल पाणी सुटायच्या वेळेला नदीवर गेलो. तू नाहीस तरी पाय तिकडेच वळतात. मुळशीच्या धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार झाली तर नदी, नाहीतर नुसते धोंडे. तुझी पणजी या पाण्याला पाय लावायची नाही. ते धरण झालं त्यात तिचं माहेर गेलं. १९२१ ला सेनापती बापटांच्या सत्याग्रहात तिचे वडील होते, एवढं एकच ती अभिमानानं सांगायची. ‘माझ्या अंगणावरनं आलेलं पाणी हाय ते,’ म्हणायची. त्याच पाण्यावर तू वल्हं मारतेस, हे तिनं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे. शिव्या दिल्या असत्या बहुतेक, आणि मग कुणाला तरी बोलावून दाखवलं असतं.

आणि तुला वाटतं मी नदीला उगाच घाबरतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला, त्यात आपल्या दोन एसटी गेल्या. त्याच पुलावरून मी कितीदा डबल बेल देत गेलोय. दुसऱ्या दिवशी डेपोत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तू अकरावीत होतीस. कितीतरी दिवस शोध चालला होता आणि तू रोज विचारायचीस, अजून कुणी सापडलं का. पुढच्या वर्षी तू वल्हं हातात घेतलंस. दोन्हींचा संबंध माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. तू कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

म्हणून ‘लोकांच्या भल्यासाठी जीव कशाला टांगायचा’ हे जे बोललो ते मागे घेतो. वाडीतल्या पोरांना जॅकेट हवीत, हे मलाही दिसतं. सहा उसनी जॅकेट आणि वीस पोरं, रविवारी पाळीपाळीनं पाण्यात उतरतात.

तू कापशील त्या दर किलोमीटरमागे जॅकेटांसाठी लोकांनी कबूल केलेल्या पैशांचा हिशेब देतो. देवप्रयाग ते ऋषिकेश ७० किलोमीटर धरले. पावतीपुस्तक मीच फिरवलं, जुनी सवय. डेपोतले निवृत्त, बाजारपेठ, गिरणीवाला, आईचं भजनी मंडळ असे एकूण ४१ जण. सगळ्यांचे मिळून किलोमीटरला १८७ रुपये, म्हणजे १३,०९०. एका जॅकेटचे ९०० धरले तर चौदा होतात. उरलेल्या सहांचं बघू. पावती क्रमांक १ माझी आहे, किलोमीटरला १० रुपये. ती भांडणाच्या आदल्या दिवशी फाडलेली आहे, तारीख बघ.

गंगेतल्या वॉल नावाच्या त्या रॅपिडचा व्हिडिओ पाहिला. पाहायला नको होता. तू म्हणालीस, पाणी जास्त वाटलं तर होडी खांद्यावर घेऊन काठानं वळसा घालू. त्यावर गिरणीवाल्यानं मला विचारलं, चालत गेली तर तेवढं अंतर कापायचं का? पैसे देणाऱ्याचा प्रश्न, रास्त आहे. मी पुन्हा एकदा ४१ जणांकडे गेलो. प्रत्येक पावतीच्या मागे लिहून सही घेतली आहे : काठानं चाललेलं अंतरही धरले जाईल. सगळेच्या सगळे ७० चाललीस तरी चालेल.

तुझा,
बाबा